निर्व्याज

इस्लापूरच्या आमच्या बचत गटाची वही मी लिहिते. शेकडा दोन, दरमहा. दर महिन्याला ‘व्याज’ हा शब्द हाताखालून जातो, आणि अलीकडे तो लिहिताना पेन अडखळतो.

संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. निंदेच्या आडून केलेली स्तुती ती व्याजस्तुती, हे शाळेत अलंकारांच्या तासाला पाठ केलेलं. आईची माया निर्व्याज म्हणतो तीही निष्कपट म्हणून. पैशाच्या वाढीला जुन्या ग्रंथांत वृद्धी, कुसीद असे सरळ शब्द आहेत. मराठीने मात्र नेमका बहाण्याचा शब्द रुळवला. मला तो शहाणपणा वाटतो.

व्याज घ्यावं का, हा वाद जुनाच. दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठी पाणिनीने ‘दशैकादशिक’ असा शब्द साधून दिला, आणि सूत्रातच असं देणं निंद्य ठरवलं. मनुस्मृतीने व्याज मान्य केलं, पण एकावेळी घेतलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ दिलं नाही. दामदुपटीचा नियम तो हाच. धान्याला मात्र पाचपटीपर्यंत मोकळीक! म्हणजे ज्याच्या घरी पेरायला दाणा नाही, त्याच्याच बाजूचं कुंपण ढिलं. आमच्याकडची सवाई-दिढी, म्हणजे उसन्या धान्याची सव्वापट-दीडपट, ज्यांनी फेडली त्यांना हे वेगळं सांगायला नको. कुराणाने तर व्यापार हलाल आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम, अशी रेघच ओढली.

गटातली एक भाभी त्या रेघेवर ठाम आहे. वर्षाअखेरीला व्याजाचा वाटा घेत नाही. “माझं मुद्दल तेवढं लिहा, ताई.” त्यावर एक मावशी म्हणाली, आपलंच आपल्याला दिलं, यात पाप कुठलं? मावशीचं अर्धंच खरं. वाटा सगळ्यांना मिळतो, कर्ज मात्र जिच्या घरी दुखणं येतं तीच उचलते. तिच्या दुखण्यावर बाकीच्यांची दिवाळी होते. म्हणून दवाखान्याच्या कर्जाला शेकडा एकच, असा ठराव मी मांडला. कुरकुर झाली, पण झाला मंजूर.

तरी व्याज हे पापच, असं मी म्हणणार नाही. दुसरीचा पैसा अडकून राहतो, त्याचं मोल असतं. पण ते मोल वहीत उघड हवं, आणि देणारीला त्यावर बोलता यायला हवं. पैनगंगेच्या या पट्ट्यात मृगाच्या तोंडावर बियाण्याला दोन भाव असतात, रोखीचा आणि उधारीचा. तिथे व्याज हा शब्द कुणी उच्चारत नाही. ते किमतीत जिरलेलं असतं. शब्दाचा जुना अर्थ तिथे पुरेपूर लागू पडतो.

उधारीवर पिशवी उचलण्याआधी रोखीचा भाव विचारा, आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून मागा.