शिकविणाराचे ऋण

२०२० च्या मार्चमध्ये देशातील महाविद्यालये बंद झाली आणि जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेले प्राध्यापक एकाएकी संगणकाच्या पडद्यापुढे येऊन बसले. दूरदूरच्या अध्यापकांनी त्या पडद्यावरच मंडळे जमविली. गणिताची मांडणी कशी दाखवावी, परीक्षा सचोटीने कशी घ्यावी, हे ते एकमेकांस विचारू लागले. अशी मंडळे आजही चालतात. त्यांत घेणारे पुष्कळ, देणारे थोडे. घेऊन मौन राखणारा दोषी ठरतो काय, असा आमचा प्रश्न आहे.

जीन लेव्ह व एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात लायबेरियातील शिंप्यांचा दाखला दिला आहे. तेथील उमेदवार आधी बटणे लावतो, मग शिवतो आणि कापड कापणे सर्वांत शेवटी शिकतो. नवशिक्याचे असे कडेला असणे न्याय्यच होय. आपल्या भजनी सप्ताहात मागे टाळ धरणारा मुलगा कोणाचे काही चोरीत नाही. परंतु तीस वर्षांनीही तो खांबाआडच राहिला, तर पुढच्यांनी चाल कोणाकडून उचलावी?

कायद्याचा येथे उपयोग नाही. १९५७ चा प्रताधिकार कायदा लेखनाच्या रूपाला संरक्षण देतो. त्यातील कल्पनेला देत नाही. दुसऱ्याची अध्यापनाची युक्ती वापरणाऱ्यावर दावा चालणार नाही. पण दावा चालत नाही म्हणून ऋण फिटले, असे आम्हांस वाटत नाही. ऋषिऋण वसूल करण्यास कोणते न्यायालय बसते? पूर्वसूरींकडून घेतलेले ते ऋण पुढच्यांस देऊनच फिटते.

'सांगण्याजोगे आमच्यापाशी काय आहे?' असे कोणी म्हणेल. आमच्या मते, फसलेला पाठ हेच मोठे धन. यशस्वी प्रयोग सभेत मिरविला जातो. फसलेला झाकला जातो, म्हणून तो दहा ठिकाणी पुन्हा फसतो, आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात. प्रतिष्ठेची व बढतीची भीती खोटी नाही. ती दूर करणे संस्थाचालकांचे कर्तव्य आहे. तथापि 'समजले नाही तर विचारा' असे जो विद्यार्थ्यांस नित्य बजावतो, त्याने तोच न्याय स्वतःस लावून घेण्यास कचरू नये.

तात्पर्य, नवख्याचे मौन क्षम्य आहे. जाणत्याने मौन धरणे म्हणजे ऋण बुडविणे होय.