संशयाचा फायदा कोणाला?

प्रत्येक व्यसनाचा एक ठरलेला बचाव असतो : 'देह माझा, पैसा माझा; इतरांनी त्यात का पडावे?' गांजाच्या बाबतीत या बचावाला धर्माचीही जोड मिळते. महाशिवरात्रीस भांग घोटतात, उज्जैनला महाकाळेश्वराचा भांगेने शृंगार होतो. मग देवाला जे चालते ते भक्ताला का चालू नये, असे विचारले जाते.

कायद्याने या बाबतीत तारतम्य राखले आहे. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. इंग्रज सरकारने १८९३ साली नेमलेल्या आयोगानेही शेकडो साक्षी नोंदवून असे मत दिले होते की, माफक सेवन बहुधा निरुपद्रवी, अतिसेवन मात्र अपायकारक.

त्या आयोगापुढे येऊ न शकलेला एक साक्षीदार आता पुढे आला आहे : शरीरातील पेशी. पेशीतील डीएनए ही जणू एक पोथी आहे. तिच्यावर मेथिल नावाच्या सूक्ष्म रासायनिक गटांच्या खुणा असतात. अक्षर तेच राहते. परंतु कोणते जनुक वाचले जावे आणि कोणते मिटलेले राहावे, हे पुष्कळ अंशी या खुणांवर अवलंबून असते. अमेरिकेत सुमारे एक हजार प्रौढांचे पाच वर्षांच्या अंतराने घेतलेले रक्ताचे नमुने तपासण्यात आले. गांजाचे सेवन आणि या खुणांतील फरक यांचा संबंध आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, २०१८ साली, ड्यूक विद्यापीठातील संशोधकांना २४ पुरुषांच्या तपासणीत असे दिसले की, नित्य गांजा ओढणाऱ्यांच्या शुक्रपेशींवरील खुणाही निराळ्या होत्या.

हा पुरावा वकिलाच्या नजरेने पाहिला तर अपुरा आहे, हे आम्ही मान्य करतो. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. चोवीस माणसे थोडी. शिवाय गर्भधारणेनंतर यांपैकी बहुतेक खुणा पुसल्या जातात. अपत्याला त्यापासून अपाय होतोच, असे सिद्ध झालेले नाही. न्यायालयात अशा संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे.

परंतु येथे कोणाला शिक्षा द्यावयाची नाही. आपण कसे वागावे एवढेच ठरवावयाचे आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, पित्याच्या मृत्युसमयी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर त्याला आधी जन्मलेल्या अपत्याइतकाच वारसा मिळतो. ज्याला अजून वाचा नाही, त्याचा शेताघरातील वाटा कायदा जपतो. मग देहाच्या वारशाची काळजी पित्याने त्याही आधीपासून का वाहू नये? ज्याची संमती घेणे शक्य नाही, त्याच्या वाट्याला काय जाईल याविषयी संशय असेल, तर त्या संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे.

वर्षाकाठी पर्वणीला घेतलेला प्रसाद आणि रोजची चिलीम यांत अंतर आहे. वर सांगितलेली शंका मुख्यतः नित्य सेवनाविषयी आहे. शिवाचे उदाहरण द्यावयाचेच तर ते पुरते द्यावे. त्याने हालाहल प्राशन केले ते लोकरक्षणासाठी, आणि ते कंठातच रोखून धरले. पुढे जाऊ दिले नाही.