दानाचा हिशेब कोणाला द्यावयाचा?

संकटांत सांपडलेल्यांस साह्य करणाऱ्याकडे हिशेब मागावा कीं मागूं नये, हा वरवर पाहतां प्रश्नच वाटत नाहीं. सार्वजनिक पैसा आला कीं हिशेब आलाच, असें कोणीही म्हणेल. परंतु पूर पुरता ओसरलेला नाहीं, ढिगाऱ्याखालचीं प्रेतें निघालेलीं नाहींत, अशा वेळीं एखादा गृहस्थ वही घेऊन पुढें आला तर आपल्यापैकीं बहुतेकांचें मन त्याच्याविरुद्ध जातें, हेंही तितकेंच खरें. रात्रंदिवस चिखलांत राबणाऱ्यास आठ घोंगड्या कोठें गेल्या म्हणून विचारणें कोतेपणाचें वाटतें. गुप्तदानाची थोरवी लहानपणापासून ऐकत आलेल्या समाजाला तर तें अधिकच वाटावयाचें.

अमेरिकेंत 2005 सालच्या कॅट्रिना वादळानंतर मदतकार्यासाठीं गेलेल्या बेन स्मिलोविट्झ या तरुणानें हें अप्रिय काम 2007 सालीं बुद्ध्याच पत्करलें. त्यानें स्थापिलेली ‘डिझास्टर अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट’ ही संस्था मदत वाटणाऱ्यांवर नजर ठेवते. 12 जानेवारी 2010 रोजीं हैतीमध्यें भूकंप झाला व जगभरांतून द्रव्याचा ओघ सुरू झाला, तेव्हां तिनें त्या कार्यांतील 197 संस्था तपासावयास घेतल्या. प्रत्यक्ष तेथें काय चाललें आहे याचा वस्तुनिष्ठ व वेळोवेळीं नवा केलेला वृत्तान्त लोकांपुढें ठेवणाऱ्या संस्था त्यांत अवघ्या 6 निघाल्या. मन हेलावून सोडणाऱ्या कथा मात्र पुष्कळांपाशीं होत्या.

बाकीच्या सर्व संस्था लबाड होत्या असें यावरून मुळींच ठरत नाहीं. अमेरिकन रेडक्रॉसचेंच उदाहरण घ्या. तिनें हैतीसाठीं सुमारे 48 कोटी 80 लक्ष डॉलर जमविले. आणि 2015 सालीं ‘प्रोपब्लिका’ व ‘एनपीआर’ यांच्या वार्ताहरांनीं दाखवून दिलें कीं, तिनें कायमचीं अशीं घरें बांधलीं तीं फक्त सहा! संस्थेचें उत्तर असें कीं, जमिनीच्या मालकीचा घोळ होता, आणि पैसा दुरुस्ती, भाडें, तात्पुरते निवारे यांकडे वळवून लाखाहून अधिक लोकांस आसरा दिला. हें उत्तर निराधार म्हणवत नाहीं. पण पांच वर्षांनीं, आणि तेंही परक्यानें विचारल्यावर तें यावें, ही गोष्ट खटकते.

कारण येथें एक विपरीत व्यवस्था आहे. बाजारांत वाण्यानें खराब तांदूळ दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. मदतकार्यांत पैसा देणारा एक आणि माल घेणारा दुसरा; देणारा कधीं तो माल पाहत नाहीं, आणि घेणाऱ्याला तो परत करण्याची सोय नाहीं. हातपाय मोडून पडलेला मनुष्य मिळेल तें घेतो व वर आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादाला पावती समजणें हा मोठाच अन्याय होय.

येथवर वाद सोपा आहे. कठीण भाग पुढें आहे, व तो आपल्याच इतिहासांत सांपडतो. 1873-74 सालच्या बिहारच्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून इतक्या सढळ हातानें साह्य केलें कीं, भूकबळी फार थोडे पडले. त्याबद्दल त्यांच्या वांट्यास उधळपट्टीचा ठपका आला. 1877 सालीं तेच टेंपल मद्रास व मुंबई इलाख्यांच्या दुष्काळावर नेमले गेले ते काटकसरीचा धडा पुरता गिरवूनच. दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नव्हे, आणि वर थोडे पैसे, हें प्रमाण त्यांनीं ठरविलें. तपासनिसाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें दुसरें काम पहिल्याहून निर्दोष. लाखोंनीं माणसें मेलीं तीं या दुसऱ्या दुष्काळांत.

म्हणजे हिशेब मागितल्यानें माणसें वांचतात असा नियम नाहीं. टेंपल यांच्याकडे हिशेब मागितलाच गेला होता, व त्यांनीं तो चोख दिला. प्रश्न असा कीं, तो कोणाला दिला?

1870 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती जमविली, ती सरकारकडे धाडली, आणि इतक्या अन्नावर दगड फोडणारा मनुष्य जगावा कसा, हा मुद्दा लावून धरला. मद्रासेंत आरोग्य खात्याचे डॉक्टर कॉर्निश यांनींही वैद्यकाच्या आधारें हाच आक्षेप घेतला. सभाही सरकारला हिशेबच विचारीत होती. तिनें तो मजुराच्या पोटाच्या बाजूनें मांडला, इतकेंच. हैतीच्या बाबतींत डॉलरांची बेरीज मागणारे व घरांची मोजणी मागणारे यांच्यांतही मला हाच भेद दिसतो. पहिली मागणी दात्याच्या समाधानासाठीं असते, आणि तेवढीच पुरवली तर प्रत्येक संस्था सावधपणानें, कागदोपत्रीं स्वच्छ, आणि उशिरां काम करूं लागेल. दुसरी मागणी, ज्याला घर हवें होतें त्याच्या वतीनें असते. त्यानें ती करण्यास कोणालाही नेमलेलें नसतें, हा तिचा दुबळेपणाही मान्य केला पाहिजे.

आतां अशी पहारेकरी संस्था चालावी कोणाच्या पैशावर? मदत-संस्थांकडून घेतला तर पहारा संपला. सरकारकडून घेतला तर निम्मा संपला. राहतां राहिला तुमच्याआमच्यासारखा वर्गणीदार, आणि त्याच्याकडे गेलें तर तो म्हणतो, “माझा रुपया घोंगडीला लागूं दे, कारकुनाला नको.”