त्वचेचे प्रश्न, मनाचे प्रश्न

डबी विकत घेण्याआधी थोडा वेळ बसा. भिंतीला पाठ टेकलीत तरी चालेल. डावा हात मांडीवर पालथा ठेवा आणि त्याच्या पाठीकडे पाहा. थंडीचे दिवस असतील तर बोटांच्या पेरांवर पांढुरक्या रेघा दिसतील, नखांच्या कडेची कातडी जरा सुटलेली असेल. लगेच काही चोळू नका. नुसतं पाहा.

गेली काही वर्षं अमेरिकेत गाईबैलांच्या चरबीपासून केलेल्या मॉइश्चरायझरचा फार बोलबाला आहे. तिकडे त्याला ‘टॅलो’ म्हणतात. ‘आपणही घ्यावं का?’ असं मनात आलं असेल, तर त्या प्रश्नाला जरा बाजूला बसवा. आधी त्वचेचं ऐकू.

जो थर तुम्हाला दिसतो आहे, तो केसाच्या जाडीहूनही पातळ आहे. मेलेल्या, चपट्या पेशी त्यात विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत चुन्याच्या जागी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. कोरडी हवा, कढत पाणी आणि साबण हा चुना थोडा थोडा खरवडून नेतात.

एक सावकाश श्वास घ्या. या क्षणी घाम आलेला नसतानाही तुमच्या कातडीतून पाणी वाफ होऊन निघून जातं आहे. ते कायमच जात असतं. भिंत झिजली की जरा जास्त जातं, इतकंच. म्हणजे त्वचेचं मागणं मोजकं आहे: पाणी कमी जावं, फटी मऊ राहाव्यात, झोंबेल असं काही लागू नये. हे मागणं मनात एकदा म्हणून घ्या.

आता चरबी डोळ्यांसमोर आणा. शिसारी आली तर येऊ द्या, कुतूहल वाटलं तर वाटू द्या. जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी मंद आचेवर वितळवायची, गाळायची, निवू द्यायची. थिजल्यावर ती पांढरी आणि तुपाहून कडक होते. वितळायला चाळीस अंशांच्या वर थोडी ऊब लागते. ओलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक ही तिच्यातली मुख्य मेदाम्लं. अंगाला लावली की तिचा पातळ थर बसतो आणि आतलं पाणी अडतं. काम एवढंच, पण ते ती नीट करते.

विकणारे मात्र आणखी पुढे जातात. ही चरबी म्हणजे आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलासारखीच, असं सांगतात. इथे थांबून पाहायला हवं. आपल्या तेलग्रंथींतून येणाऱ्या तेलात साधारण चौथा हिस्सा मेणासारखी द्रव्यं असतात आणि सुमारे आठवा हिस्सा स्क्वॅलीन. चरबीत ही दोन्ही जवळपास नसतात. थोडं साम्य आहे, एकरूपता नाही. ती ऊनही अडवत नाही.

मन आता कोकणात न्या. रातांबे फोडून झाले की बिया उरतात. त्या वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारा मेद काढून हाताने गोळे वळायचे. हेच मुठेल, कोणी भिरंडेल म्हणतं, कोणी कोकमतेल. टाचांच्या भेगांना ते गरम करून चोळतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी प्राण्यांच्या चरबीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १८२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टिअरिक आम्ल त्यांनी त्या चरबीतून वेगळं काढलं होतं. तेच आम्ल मुठेलात निम्म्याहून जास्त भरतं, चरबीतल्यापेक्षा कितीतरी अधिक. ते झाडाच्या बीतून आलं की जनावराच्या पोटातून, हे त्वचेला कळत नाही.

कळतं ते आपल्याला. म्हणून उरलेले प्रश्न आपले आहेत, आणि ते त्वचेच्या नावावर खपवू नयेत. एकेक विचारा, उत्तराची घाई नको. जनावर मांसासाठी मारलंच आहे, तर त्याची चरबी वाया न घालवणं मला बरं वाटतं का? की ती अंगाला लागणं मला, माझ्या घरातल्यांना, माझ्या धर्माला चालणार नाही? महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग या डबीतली चरबी कुठल्या जनावराची आणि कुठून आलेली, हे तिच्यावर लिहिलं आहे का?

नकाराकडे मन झुकलं, तर तोही तपासून घ्या. रोजच्या क्रीममधलं स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन चरबीतूनही येऊ शकतं, पामतेलातूनही. पाम म्हटलं की इंडोनेशिया-मलेशियातल्या तोडलेल्या जंगलांचा विषय निघतो. सोवळं राहायचं तर चौकशीला पर्याय नाही.

होकार आला, तर घटकांची यादी छोटी पाहा. सुगंधी तेलं घातलेली डबी नाजूक त्वचेला झोंबू शकते. चरबीत पाणी नसतं, म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बोटाच्या टोकावर मावेल इतकीच घ्या आणि तळहातावर घासून लावा. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला ती जड पडेल; गजकर्ण किंवा इसब असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून पाहा. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसलं, तर बाकीचे सगळे युक्तिवाद तिथेच संपले. खवट वास आला की टाकून द्या.

चरबी, मुठेल की औषधाच्या दुकानातलं साधं व्हॅसलीन, भिंत यांपैकी कुणीही राखेल. तेव्हा अशी वस्तू निवडा की घरातल्या कुणीही ‘हे कशाचं केलंय गं?’ असं विचारलं, तर पहिल्याच शब्दात खरं सांगता येईल. ज्या डबीबद्दल ते सांगता येत नाही, ती दुकानातच राहू द्या.