जोडी ठरलेली, होकार आपला

रूबी डिक्सन या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिकेने 2015 साली ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने, ई-बुकच्या रूपात, स्वतःच प्रसिद्ध केली. परग्रहावरच्या चोरट्यांनी पृथ्वीवरून काही तरुणी पळवल्या आहेत. वाटेत यानात बिघाड होतो आणि त्यांना कोंडलेला भाग एका बर्फाळ ग्रहावर सोडून दिला जातो. त्यांच्यातली जॉर्जी मदत शोधायला बाहेर पडते आणि एका शिकाऱ्याच्या सापळ्यात अडकते. त्याचे नाव व्हेक्टल. निळसर कातडी, शिंगे, शेपूट, धिप्पाड देह. तिला पाहताच त्याच्या छातीत घुमू लागते. त्या ग्रहाची हवा माणसाला मारक आहे. ‘खुई’ नावाचा एक जीव शरीरात वस्तीला घेतला तरच तिथे तगता येते. आणि हीच खुई योग्य जोडीदार समोर आला की घुमू लागते. तिचा कौल मागून मिळत नाही, टाळताही येत नाही. एकदा घुमली की जोडी जन्माची.

2021 मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी ही कादंबरी उचलून धरली आणि पेंग्विन रँडम हाउसच्या बर्कली या प्रकाशनशाखेने तिची छापील आवृत्ती काढली. तोवर तिच्यापासून सुरू झालेल्या मालिकेने वीस पुस्तकांचा पल्ला ओलांडला होता. या प्रकाराला ‘सायन्स फिक्शन रोमान्स’ म्हणतात, आणि नियतीनेच जोडीदार नेमून दिला आहे या कल्पनेला ‘फेटेड मेट्स’. पुस्तके खपतात, हातोहात वाचली जातात, तरी त्यांच्याविषयी बोलताना जाणकारांचा स्वर खाली येतो. मी ही पुस्तके आवडीने वाचत आले आहे आणि ती गंभीरपणे वाचावीत असे माझे म्हणणे आहे. दोन जीव एकमेकांचे होतात तेव्हा नेमके कोण ठरवते, शरीर, समाज, नियती की ती दोघे, हा प्रश्न ही पुस्तके जितक्या उघडपणे पुढे ठेवतात तितका फार थोड्या कादंबऱ्या ठेवतात.

या घराण्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. एडगर राइस बरोज याची मंगळावरची कथा 1912 साली मासिकातून क्रमशः आली. पुढे ती ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तक झाली. तिचा नायक जॉन कार्टर देजा थोरिस या मंगळकन्येच्या प्रेमात पडतो. तिच्या जमातीत मुले अंड्यांतून जन्मतात. एवढी एक गोष्ट सोडली तर ती पृथ्वीवरच्या पुरुषाने कल्पावी तशीच राजकन्या आहे. तिच्या परकेपणाविषयी कार्टरला काही विचारावेसे वाटत नाही, कारण ते परकेपण त्याला कुठे अडतच नाही.

ते अडले 1952 साली. फिलिप होजे फार्मरची ‘द लव्हर्स’ ही दीर्घकथा जॉन कॅम्पबेल आणि एच. एल. गोल्ड या दोन बड्या संपादकांनी नाकारली होती. शेवटी ती ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ने छापली. कडक धर्मसत्तेखाली वाढलेला हॅल यॅरो दूरच्या ग्रहावर जानेट नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडतो. दिसायला ती हुबेहूब माणूस. प्रत्यक्षात मनुष्यरूप घेतलेल्या कीटकसदृश जमातीतली. ती सतत एक मद्य पीत असते. हॅलला ते खुपते. तिच्या भल्यासाठी म्हणून तो तिच्या नकळत ते पेय बदलतो. ते मद्यच तिची गर्भधारणा रोखून धरत होते, आणि तिच्या जमातीत गर्भधारणा म्हणजे मृत्यू. हॅलचे प्रेम खरे होते. त्याने फक्त विचारले नाही, आणि त्यामुळे ती मेली. माणूस आणि परग्रहवासी यांच्या प्रेमकथांत पुढे जे काही महत्त्वाचे लिहिले गेले त्याचे बीज मला इथे दिसते. ज्याच्या शरीराचे, रीतीचे, भीतीचे आपल्याला काहीही ठाऊक नाही त्याच्यावर प्रेम करायचे, तर विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

पुढची मोठी वळणे स्त्रियांनी दिली. विज्ञानकथेतल्या स्त्रीपात्रांच्या दुबळ्या चित्रणाला उत्तर म्हणून अ‍ॅन मॅककॅफ्रीने 1967 साली ‘रिस्टोरी’ ही आपली पहिली कादंबरी लिहिली; तिची नायिका पृथ्वीवरून पळवली जाते, पण गोष्ट तिच्याच तोंडून येते. हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेल्या कॅथरीन असारो यांच्या ‘द क्वांटम रोझ’ या प्रेमकथेला 2001 चा नेब्युला पुरस्कार मिळाला. या लेखिकांनी कथेची नजर फिरवली. परका आता तो आहे, आणि त्याच्याकडे पाहणारी ती.

ही नजर वाचकांना इतकी का हवीशी वाटते? जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने 1984 साली ‘रीडिंग द रोमान्स’ हा ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी ती सविस्तर बोलली. घरातल्या सगळ्यांचे करणाऱ्या या बायकांसाठी पुस्तक उघडणे म्हणजे तेवढा वेळ फक्त स्वतःचा आहे असे घरादाराला सांगणे होते. कथेत त्यांना जे मिळत होते ते म्हणजे कुणीतरी आपली काळजी वाहतो आहे हा अनुभव. रॅडवेचा अभ्यास परग्रहाच्या कादंबऱ्यांवर नव्हता, पण त्याचा प्रकाश त्यांच्यावर पडतो. डिक्सनच्या बर्फाळ ग्रहावरचा नायक शिकार करून आणतो, कातडी पांघरवतो, विस्तव पेटवतो आणि जोडीदार जेवली का ते पाहतो. तो सोडून जाईल ही शंका पहिल्या प्रकरणातच मिटलेली असते. त्याच्या छातीतल्या घुमण्याने ती मिटवली आहे. ज्या बाईला आयुष्यभर आपली जागा टिकवण्यासाठी झिजावे लागले, तिला या खात्रीचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पण परग्रहवासी नायकाजवळ याहून मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचे अज्ञान. बाई कशी असते, तिने काय करावे, तिला काय आवडायलाच हवे, याची कोणतीही तयार यादी त्याच्या डोक्यात नसते. ती थंडीने कुडकुडते म्हणजे काय होते, तिच्या डोळ्यांतून पाणी का येते, तिला हे मांस कच्चे का खाववत नाही, सगळे त्याला बघून आणि विचारून शिकावे लागते. ‘बार्बेरियन्स टच’ या भागातली लायला बहिरी आहे. तिच्याशी जोडला गेलेला रोकान खुणांची भाषा शिकतो आणि मग त्या दोघांमध्ये बोलणे सुरू होते. नियतीने दोघांना समोरासमोर आणले एवढेच. संसार उभा राहिला तो त्याने तिची भाषा शिकून घेतली म्हणून. अशा ठिकाणी ही पुस्तके मला आपल्या घरातल्या लग्नांविषयी बोलणारी वाटतात. एका छताखाली पंचवीस वर्षे काढूनही एकमेकांना काहीच न विचारलेली जोडपी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आता या कल्पनेतली अवघड बाजू. जोडी आधीच ठरलेली असेल तर होकाराला अर्थ काय उरतो? ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘अमोक टाइम’ हा भाग सप्टेंबर 1967 मध्ये अमेरिकेत दाखवला गेला. तो थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथाकाराने लिहिला होता. व्हल्कन ग्रहाच्या रीतीप्रमाणे स्पॉक आणि टी’प्रिंग सात वर्षांचे असताना त्यांची मने विधिपूर्वक जोडली गेली आहेत. मोठेपणी वेळ येते तेव्हा टी’प्रिंग नकार देते. तिला दुसरा कुणी हवा आहे. रीतीतच तिला एक वाट आहे: द्वंद्वाची मागणी करायची आणि जिंकणाऱ्याची मालमत्ता व्हायचे. ती ही वाट इतक्या हिशेबाने वापरते की कुणीही जिंकले तरी तिला हवा तोच मिळावा. नकार देण्यासाठीसुद्धा आधी वस्तू व्हावे लागते, ही त्या व्यवस्थेची क्रूरता त्या भागात स्पष्ट दिसते.

मराठी वाचकाला इथे रखमाबाई आठवल्यावाचून राहणार नाहीत. अकराव्या वर्षी लावलेले लग्न त्यांनी जाणतेपणी नाकारले. नवऱ्याने 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल 1887 साली लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. लहानपणी ठरवलेली जोडी ईश्वरी आहे, असे सांगणाऱ्यांची त्या काळी उणीव नव्हती.

डिक्सनच्या मालिकेतही ही अडचण जागोजाग वर येते, आणि लेखिका दरवेळी तिला सारखीच सामोरी जात नाही. पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच भेटीत, व्हेक्टल शुद्धीवर येणाऱ्या जॉर्जीला विचारल्यावाचून जवळ घेतो. त्याच्या जगात खुईने सांगितले की सगळे ठरले. वाचकाने मात्र ते मान्य करण्याचे कारण नाही. मला ते प्रकरण सदोष वाटते आणि पुढची गोडी त्यावर पांघरूण घालू शकत नाही. उलट ‘बार्बेरियन्स मेट’मध्ये हीच लेखिका खोलात शिरते. जोसीने गर्भनिरोधक म्हणून तांबी बसवून घेतलेली आहे. ती शरीरात असेपर्यंत खुई गप्प राहते. तांबी गळून पडते आणि खुई घुमते, तीही नेमकी हेडनसाठी, ज्याच्याशी जोसीचे कधी पटलेले नाही. ती पळून जाते. या एका तपशिलाने नियतीचे पितळ उघडे पडते. खुईला आत्म्याशी देणेघेणे नाही. तिला संतती हवी आहे. ती दोघांना एकत्र आणू शकते, पण एकमेकांविषयी आदर तिला निर्माण करता येत नाही. तो त्या दोघांनाच कमवावा लागतो, आणि कादंबरीचा उरलेला भाग त्या कमाईचा आहे.

या प्रश्नाचा तळ गाठला तो ऑक्टेव्हिया बटलरने. तिच्या ‘डॉन’ (1987) या कादंबरीत अणुयुद्धातून वाचलेल्या माणसांना ओआंकाली नावाचे परग्रहवासी वाचवतात, बरे करतात आणि त्याबदली माणसांच्या जनुकांशी स्वतःची जनुके मिसळू पाहतात. त्यांच्यातल्या तिसऱ्या लिंगाच्या ‘ऊलोई’ला माणसाच्या शरीरातली सूक्ष्मातली सूक्ष्म रसायने वाचता येतात. कादंबरीची नायिका लिलिथ हिचा सोबती जोसेफ तोंडाने नको म्हणतो. निकांज हा ऊलोई त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या शरीराला प्रमाण मानतो. निकांजला दोघांविषयी खरी ओढ आहे, तो दुष्ट नाही; म्हणूनच ते पान वाचताना अंगावर काटा येतो. शरीराने हो म्हटले म्हणजे माणसाने हो म्हटले का? बटलरचे उत्तर मी असे वाचते: जो आपल्याला आतून-बाहेरून ओळखतो त्यालासुद्धा आपल्या शब्दाला ओलांडून जाण्याचा हक्क नाही. फेटेड मेट्सच्या कादंबऱ्या आवडणाऱ्या प्रत्येकाने ‘डॉन’ शेजारी ठेवून वाचावी. एका पुस्तकात खात्रीचे सुख आहे, दुसऱ्यात त्या खात्रीची किंमत.

दुसऱ्या लोकातल्या जोडीदाराची कथा आपल्याला नवी नाही. पुरूरव्याकडे उर्वशी अटी घालून राहिली आणि अट मोडताच निघून गेली. गंगेने शंतनूला घातलेली अट तर अशी, की मी काहीही केले तरी तू मला विचारायचे नाहीस. सात मुले नदीत गेली आणि तो गप्प राहिला. आठव्याच्या वेळी त्याने विचारले आणि ती त्याला सोडून गेली. आपल्या कथांत परलोकीच्या प्रियेला प्रश्न विचारणे म्हणजे तिला गमावणे. आजच्या परग्रहाच्या प्रेमकादंबरीने हे उलटे केले आहे. इथे विचारले तरच जोडीदार राहतो. सुखान्त ही या प्रकाराची ठाम अट आहे, आणि समीक्षक तिलाच सर्वांत जास्त नावे ठेवतात. मला तो सुखान्त स्वस्त वाटत नाही. दोन अनोळखी जीवांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, उत्तरे ऐकावीत आणि तरीही एकत्र राहावे, ही शक्यता ठामपणे मांडायलाही धैर्य लागते.

जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथेचा पाया घातला. त्या पायावर प्रेमकथेचे दालन अजून नीट उभे राहायचे आहे. आपल्या समाजात ते उभे राहण्याची निकड मोठी आहे. आजही इथे छत्तीस गुणांचा हिशेब होतो, जोडी वर ठरते असे सांगितले जाते, आणि जातीबाहेरचा माणूस अनेक घरांना परग्रहावरच्याहून परका वाटतो. निळ्या कातडीच्या नायकाला आपलेसे करणाऱ्या वाचकांकडून लिहित्या पिढीने एवढा विश्वास घ्यावा: मराठी वाचक परक्याला भेटायला तयार आहे, त्याची गोष्ट मराठीत लिहा. आणि जे ही पुस्तके लपवून वाचतात त्यांना माझे सांगणे, उघडपणे वाचा, त्यांच्याविषयी बोला, जिथे होकार गृहीत धरला गेला असेल तिथे पान थांबवून वाद घाला. जोडी कुणीही ठरवो, होकार ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.