स्पर्धा जिंकायची की खेळ सुधारायचा?

तुमच्यापैकी काहीजण 'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलोरंट' नक्कीच खेळत असाल. जे खेळत नाहीत त्यांच्या घरात भाऊ, मुलगी किंवा भाचा खेळत असेल. पाच-पाच जणांचे दोन संघ, पडद्यावर बंदूक, दोन मिनिटांच्या आसपासची एक फेरी आणि आधी १३ फेऱ्या जिंकणाऱ्याचा सामना. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ वेगळे काढले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हा 'हा नुसता टाइमपास' म्हणून विषय बाजूला सारता येत नाही.

या खेळाच्या स्पर्धेत उतरणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, 'मी सुधारू कसा?' त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नेमके काय सुधारायचे आहे? आपला खेळ, की लोकांना दिसणारा आपला क्रमांक?

सराव आणि अभ्यास

अनुवादाची सेवा करताना एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत जिथे एकच शब्द येतो, तिथे मराठीत आपल्याकडे दोन आहेत: सराव आणि अभ्यास. सराव हाताचा असतो, अभ्यास समजुतीचा.

या खेळात दोन्ही लागतात. धावताना झाडलेली गोळी भलतीकडे जाते, म्हणून उलट दिशेची कळ दाबून क्षणात थांबायचे आणि मग गोळी झाडायची. बंदुकीचा झटका ठरावीक क्रमाने वर आणि बाजूला जातो, तो माउसने खाली ओढून सावरायचा. हा सराव. रोज अर्धा तास केला की हात शिकतो.

पण अनेकांची प्रगती इथेच अडते. त्यांना वाटते, समोरचा आपल्यापेक्षा चपळ आहे. खरे तर चांगला खेळाडू कोपऱ्यावर पोहोचण्याआधीच नेमाचे चिन्ह डोक्याच्या उंचीवर धरून असतो. शत्रू दिसल्यावर त्याला माउस फारसा हलवावाच लागत नाही. ज्याला आपण चपळाई समजतो, ती बऱ्याचदा आधीपासून असलेली सावधानता असते.

ही सावधानता तासांच्या हिशेबाने येत नाही. ती हरलेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग पुन्हा पाहून येते. 'मी इथे का मेलो?' या प्रश्नाचे पहिले उत्तर नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवते: सोबत्याने साथ दिली नाही, इंटरनेट अडले, समोरच्याचे नशीब चांगले. रेकॉर्डिंग पाहिले की दिसते, आपणच एकटे पुढे गेलो होतो. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ आणि अखंडपणा यांच्या जोडीला आदरही सांगितला आहे. स्वतःची चूक न टाळता शांतपणे पाहणे हा मला त्या आदराचाच भाग वाटतो.

शांघायमधील एक फाइल

ऑक्टोबर २०१८. शांघायमध्ये आशियाई संघांची 'एक्स्ट्रीम्सलँड' ही काउंटर-स्ट्राइक स्पर्धा चालू होती. 'ऑप्टिक इंडिया' हा भारतीय संघ तिथपर्यंत पोहोचला होता. सामन्याच्या मध्येच एका खेळाडूच्या संगणकाची तपासणी झाली आणि त्यात नेम आपोआप लावून देणारा प्रोग्राम सापडला. फाइलला साध्या 'वर्ड' प्रोग्रामसारखे नाव दिलेले होते. संघ स्पर्धेतून बाद झाला, नंतर विसर्जित झाला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली.

ही घटना त्या तरुणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. तिच्यात आपला प्रश्न अगदी स्पष्ट दिसतो म्हणून सांगतो. तो प्रोग्राम गोळ्या अचूक लावत होता. म्हणजे परिणाम मिळत होता, पण शिकत कोणीच नव्हते. शिवाय किंमत एकट्याने मोजली नाही, उरलेल्या चौघांची मेहनतही त्याच दिवशी वाया गेली.

आता स्वतःला विचारा. कधीच पकडले जाणार नाही अशी खात्री कोणी दिली, तर तुम्ही तो प्रोग्राम घ्याल का? या उत्तरातून कळते की तुम्हाला चांगले व्हायचे आहे की चांगले म्हणवून घ्यायचे आहे.

१५-११ नंतर

तुम्ही म्हणाल, 'हे ठीक आहे, पण स्पर्धेत निकालच मोजला जातो.' खरे आहे. म्हणून निकालाचेच एक उदाहरण घेऊ.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात काउंटर-स्ट्राइकच्या 'मेजर' स्पर्धेची अंतिम लढत झाली. त्या काळी १६ फेऱ्या जिंकाव्या लागत. तिसऱ्या आणि निर्णायक नकाशावर 'फेझ' संघ १५-११ ने पुढे होता. एकच फेरी हवी होती. 'क्लाउड नाइन'ने बरोबरी साधली, सामना जादा फेऱ्यांत गेला आणि फेझ २२-१९ ने हरला. त्याच वर्षाच्या शेवटी 'कॅरिगन' या नावाने खेळणाऱ्या त्यांच्या डॅनिश कर्णधाराला संघाबाहेर ठेवले गेले. तो दुसऱ्या संघाकडून खेळला, २०२१ मध्ये परतला आणि मे २०२२ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे त्याच्याच नेतृत्वाखाली फेझने मेजर जिंकली.

विजय हीच सुधारणेची एकमेव खूण मानली, तर मधली चार वर्षे शून्य ठरतात. पण ती शून्य असती तर २०२२ उगवले नसते. फेरीचा निर्णय आपल्या हातात असतो, निकाल पूर्णपणे नसतो. शिवाय मागच्या फेरीचा राग घेऊन पुढची फेरी खेळणारा माणूस एकाच वेळी दोन फेऱ्या हरतो.

चार आवाज

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे या खेळातला जमाखर्च मला विशेष आवडतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात आणि एके-४७ ची किंमत २७०० असते. सलग हरणाऱ्या संघाला मिळणारी रक्कम ३४०० पर्यंत वाढत जाते. पडलेल्याला उभे राहण्याची सोय नियमातच केलेली आहे! पण त्यासाठी पाचही जणांनी एखाद्या फेरीत हात आवरून पैसे वाचवावे लागतात. एकाने हट्टाने बंदूक घेतली, तर पुढच्या फेरीत संघाचे गणित बिघडते. स्वतःची आकडेवारी सजवणे आणि संघाला जिंकवणे यांत इथे रोज निवड करावी लागते.

या खेळातील हिंसेबद्दल काहींच्या मनात शंका असेल, आणि ती रास्त आहे. लहान मुलांनी हे खेळू नये, हेही खरे. पण मोठ्यांच्या बाबतीत मला अधिक जपण्याची जागा वेगळी वाटते. पडद्यावरचा शत्रू पुढच्या फेरीत पुन्हा उभा राहतो. हेडफोनमधून ज्याला आपण शिवी दिली, तो मात्र खरा माणूस असतो. कुठल्यातरी गावातला, कदाचित तुमच्याच वयाचा. तो शब्द त्याच्यासोबत झोपायला जातो.

पुढच्या स्पर्धेपूर्वी

पुढच्या पंधरा दिवसांत तीन छोट्या गोष्टी करून पाहा. प्रत्येक सामन्यानंतर एक ओळ लिहा: 'आज माझा कोणता निर्णय चुकला?' त्या ओळीत दुसऱ्या कोणाचेही नाव येऊ देऊ नका. हरलेल्या फेरीनंतर एक दीर्घ श्वास घ्या आणि मगच बोला. आणि सोबत्याची चूक झाली, तर त्याला पुढच्या वेळी काय करता येईल एवढेच सांगा.

यातून तुम्ही स्पर्धा जिंकालच असे नाही. समोर बसलेलाही मेहनत करूनच आला आहे. पण संगणक बंद करून तुम्ही जेवायला उठाल, तेव्हा घरच्यांना कदाचित निकाल विचारावासा वाटणार नाही. तुमच्याशी बोलणे मात्र त्यांना सोपे वाटेल. ती सुधारणा कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही, आणि कोणताही प्रोग्राम ती मिळवून देऊ शकत नाही.