पूर्वपक्ष शेजारी राहतो

ख्रिस्ती अभ्यासमंडळात नीतीचा विषय निघाला की मंडळ चालविणाऱ्या गृहस्थाचा हात सहसा सी. एस. लुईस यांच्या पुस्तकाकडे जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बीबीसीवरून दिलेल्या आणि १९५२ साली एकत्र ग्रंथरूप पावलेल्या त्या भाषणांचा आरंभ भांडणापासून होतो: भांडणारी दोन माणसे परस्परांना दोष देताना उभयतांना बंधनकारक असा एखादा दंडक गृहीत धरतात, आणि तो दंडक मनुष्याने निर्माण केलेला नसल्यामुळे त्याच्या मागे कोणी नियंता असलाच पाहिजे. गोंदिया जिल्ह्यात याचे उदाहरण शोधीत फार दूर जावे लागत नाही. तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शीने खराब म्हणून बाद केलेला पुडा मजुराच्या हिशेबातून वगळला आणि मागाहून गोणीत भरला, तर भल्या पहाटे जंगलात जाऊन पत्ता तोडून आणणारी बाई, माझे नुकसान झाले एवढ्यावर थांबत नाही; ही लबाडी आहे, असे ती मुन्शीच्या तोंडावर म्हणते.

येथवर सर्वांची संमती मिळते. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. ईश्वर नसेल तर नीतीला आधार उरत नाही, हे विधान ऑक्सफर्डच्या निरीश्वरवाद्यासमोर कदाचित खपत असेल. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घडलेल्या धर्मांतराची स्मृती ज्या मुलुखात घरोघर जागी आहे, तेथे ते मुकाट्याने कोण ऐकून घेईल? डॉ. आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली ती भंडाऱ्यातून, आणि आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत त्याच भंडाऱ्याचा भाग होता. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात त्यांनी, इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे तेच धम्मात नीतीला आहे, असा निःसंदिग्ध सिद्धान्त मांडला. चोरी न करण्याची, असत्य न बोलण्याची आणि मद्य वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा सृष्टिकर्त्याच्या साक्षीवाचून घेऊन ती पाळणारा शेजारी भिंतीपलीकडे राहत असताना, बायबलच्या बैठकीत त्याचा नामनिर्देशही न करता नीतीवरून ईश्वर सिद्ध करणे हा, माझ्या मते, बौद्धिक भित्रेपणा आहे. पूर्वपक्ष त्याच्या तोंडून मांडला जावा. निदान तो ऐकून ‘हे माझेच म्हणणे आहे’ असे त्याने कबूल करावे, इतक्या प्रामाणिकपणे मांडला जावा.

ही शिस्त परदेशी नाही. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहिली, तेव्हा तिचा समाचार घेणाऱ्या पंडितांत काशीचे तरुण नीळकंठशास्त्री गोऱ्हेही होते. प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी त्याचा अभ्यास करता करता या चित्पावन शास्त्र्याने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे षड्दर्शनांचे परीक्षण लिहिले. शंकांनी मात्र त्यांना जन्मभर सोडले नाही. आपल्या पाळकांच्या प्रवचनांतून गोऱ्हे यांचे धर्मांतर येते, शंका गाळल्या जातात; हा संक्षेप मला अप्रामाणिक वाटतो.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी होती. १८९३ मध्ये नाशिकहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. नागपूर मागे टाकल्यावर राजनांदगावची ती वाट गोंदियावरूनच जाते. टिळक तो ग्रंथ चिकित्सेने वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जिंकले ते शत्रूवर प्रीती करण्याच्या आज्ञेने, म्हणजे प्रमाणाने नव्हे, तर नीतीच्या एका असंभाव्य मागणीने. आणि बौद्ध शेजाऱ्याशी खरा संवाद सुरू व्हायचा असेल तर तो नियंत्याच्या अस्तित्वापेक्षा या मागणीपासून सुरू होणे अधिक शक्य आहे, कारण वैराने वैर शमत नाही ही शिकवण त्याच्याही घरची आहे.

म्हणून मंडळ चालविणाऱ्याने पहिल्या काही बैठका मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांना द्याव्यात, लुईस मागाहून काढावा, आणि शक्य तेथे त्या शेजाऱ्यालाच बोलवावे. फडावरच्या त्या बाईने मुन्शीवर प्रीती करावी की त्याची तहसीलदाराकडे फिर्याद करावी, हा प्रश्न तेथे हटकून निघेल. दोन्ही एकाच वेळी करता येतात असे मी म्हणेन. पण मुन्शीचा भाऊबंद त्याच बैठकीत बसलेला असेल, तर या उत्तरावर तास पुरणार नाही.